उसना बिशप आणि नासारिओची पाठ

पेरू देशातल्या एतेन गावात नासारिओ योन्तोप या माणसापेक्षा त्याची पाठ जास्त नावाजलेली होती. रस्त्यात भेटणारं माणूस त्याला "कसा हायस?" असं विचारतच नसे. "पाठ काय म्हणती?" असं विचारी. आणि नासारिओही घरात सासू येऊन राहिल्यासारखं सांगे, "आज रागात हाय. सकाळी खाली पडलेला पाव उचलाया वाकलो, तवापासनं किंचाळतीया. पाव अजून तितंच हाय."

अडतीस वर्षं त्यानं गावच्या बँडमध्ये टुबा वाजवला. टुबा म्हणजे खांद्यावरून उतरून कमरेला वेढा घालणारा पितळी अजगर. चौदा किलो वजन, आणि तोंड वाजवणाऱ्याच्या डोक्याच्याही वर उघडलेलं. लग्न असो, मयत असो, देवाची मिरवणूक असो, नासारिओ सगळ्यांच्या मागून 'पुम्, पुम्' करत चालायचा. तो म्हणे, "क्लॅरिनेटवाल्याला बायका बगत्यात, ट्रम्पेटवाल्याला पोरी बगत्यात. टुबावाल्याला निस्ती कुत्री बगत्यात, ती बी भुंकाया."

एकसष्टाव्या वर्षी एका मयतीच्या मागं चालताना त्याच्या कमरेत काहीतरी असं सटकलं की मयत पुढं गेली आणि हा चौकात वाकला तसाच राहिला. लोकांना वाटलं, याला दुःख आवरंना. मेलेल्याच्या बायकोनं नंतर येऊन त्याचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "त्याच्या सख्ख्या भावानं बी येवढं वाकून दुःख केलं न्हाई." नासारिओनं तिला खरं सांगितलं नाही. आयुष्यात एकदा कुणीतरी आपल्याला भल्या मनाचा समजलं, ते कशाला मोडा, असा त्याचा हिशेब.

मग उपाय सुरू झाले. जवळच्या चिक्लायो शहरातल्या डॉक्टरनं फोटो काढला, उजेडाला धरला आणि म्हणाला, मणके झिजलेत, हे काही जायचं नाही, याच्याबरोबर राहायला शिका. नासारिओ म्हणाला, "बायकूबरं राहायला शिकाया मला तीस वरसं लागली डॉक्टर, येवढा येळ मणक्यांपाशी हाय का?" गोळ्या घेतल्या तर पोट जळायचं. पट्टा बांधला तर श्वास अडायचा. सापाची चरबी चोळली तर शेजारची मांजरं दाराशी येऊन बसली. एका वैदूनं काळा गिनी पिग धरून पाठीवरून फिरवला, सगळं दुखणं यात उतरेल म्हणाला. तो बिचारा संध्याकाळपर्यंत मेला. दुखणं मात्र टुकटुकीत.

बायको तेओलिंदा मुलीच्या बाळंतपणाला म्हणून लिमाला गेली होती. ते बाळ आता शाळेत जात होतं. दर रविवारी तिचा फोन येई, "काय करतुयास?" हा म्हणे, "पाठीला जेवाया घालतोय." ती हसे. सगळेच हसत. नासारिओचं दुखणं म्हणजे गावाची करमणूक होती, आणि तिकीटखिडकीवर त्यानं स्वतःच उभं राहायचं ठरवलं होतं.

एक गोष्ट मात्र तो कुणाला सांगत नसे. पहाटे पाचला पाठच त्याला जागं करी आणि नऊपर्यंत तो तसाच पडून राही, वर छपराच्या वेळूकडं बघत. कुशीवर वळायचं तर आधी मनात ठरवायचं, मग श्वास धरायचा, मग नको म्हणायचं. त्या चार तासांत या माणसाला एकही विनोद सुचत नसे.

आमच्या किनाऱ्यावर विरिंगो नावाचं एक बिनकेसांचं कुत्रं असतं. काळपट राखाडी कातडं, सुरकुतलेलं, आणि हात लावावा तर भट्टीतनं नुकत्याच काढलेल्या पावासारखं ऊन. म्हातारी माणसं ते गुडघ्याशी घेतात, छातीशी घेतात, सांधे धरले की पायथ्याशी निजवतात. गावात अशी कुत्री दोन्या एर्मेलिंदाकडं होती. दोन्या, म्हणजे बाईसाहेब, म्हणायचं, कारण वय एकोणऐंशी आणि जीभ विशीतली. तिचा स्वतःचा एक कायदा होता. कुत्रं विकायचं नाही, बक्षीस द्यायचं नाही, ज्याचं दुखतंय त्याच्या घरी उसनं ठेवायचं. मार्चमध्ये सान होसेच्या सणाला द्यायचं आणि जुलैत बाळ येशूच्या जत्रेला विचारायचं, दुखणं गेलं का? गेलं असेल तर कुत्र्याचं काम झालं, पुढच्या घरी. गेलं नसेल तर त्या घराशी कुत्र्याचं जमलं नाही, पुढच्या घरी.

नासारिओनं हा कायदा शंभरदा ऐकला होता आणि त्यात त्याला कधी काही वावगं दिसलं नव्हतं, कारण त्याला कुत्रं नकोच होतं. त्या कुत्र्यांना तो सोललेले बटाटे म्हणायचा. हे म्हातारीकोतारीचं औषध, आपण शिकलेसवरलेले, सुरांची लिपी वाचणारे. वाचता येणारे सूर चारच होते, ही गोष्ट वेगळी.

सान होसेच्या आदल्या दिवशी तो देवळासमोरच्या बाकावर बुटाची नाडी बांधायला वाकला आणि तसाच राहिला. दोन्या एर्मेलिंदा बाजार करून चालली होती. ती थांबली.

"नासारिओ, आसा का बसलायस?"

"बसलो न्हाई, दोन्या. अडकलोय."

"कवापासनं?"

"मासेवाली गेली तवापासनं."

"ती तर सकाळच्या पारी जाती रं!"

"मग झाले आसतील दोन तास. पर जागा बरी हाय. वारं येतंय, आन माजे बूट किती मळलेत ते पैल्यांदाच नीट दिसलं."

म्हातारी हसली नाही. तिनं पिशवी खाली ठेवली, त्याच्या काखेत हात घातला आणि पोतं उभं करावं तसा त्याला उभा केला. नासारिओच्या तोंडून जो आवाज निघाला तो टुब्यातूनसुद्धा कधी निघाला नव्हता.

"उद्या ओबिस्पोला धाडती तुज्याकडं," ती म्हणाली.

ओबिस्पो म्हणजे बिशप. "बिशपला कशाला?" नासारिओ घाम पुसत म्हणाला. "माजी येवढी पापं न्हाईत. आळस हाय, पर तो खालचा पाद्री बी माफ करतोय."

"कुत्रं रं, मुडद्या! पाठीवर निजवायचं."

"दोन्या, केसवाली बायकू टिकली न्हाई माज्याकडं. ह्यो बिनकेसाचा काय टिकतोय?"

"त्यो टिकल. तुजं काय ते तू बग."

दुसऱ्या दिवशी ओबिस्पो आला. डोक्यावर पांढरट केसांचा एक झुबका, बाकी अंगावर शपथेला केस नाही. जबड्यात सात दात. चालणं सावकाश, जणू दोन्ही बाजूंना लोक गुडघे टेकून आहेत. त्यानं घर पाहिलं, खाट पाहिली, नासारिओला पाहिलं आणि सुस्कारा सोडला. नासारिओनं त्याला आरशासमोर उचलून धरलं. आरशातल्या दोघांत डोक्यावर केस असलेला कुत्राच होता. दात मात्र नासारिओचे अकरा निघाले, तेवढ्यात तो वरचढ ठरला. रताळं उकडून कुस्करायचं, त्यात काटे काढलेला मासा घालायचा, आणि एकाच पातेल्यातलं दोघांनी खायचं, हे पहिल्याच दिवशी ठरून गेलं.

एर्मेलिंदानं सांगून ठेवलं होतं की या कातड्याला ऊन बाधतं, रोज सकाळी बदामाचं तेल चोळायचं. आणि गारठा पडला की अंगात काहीतरी घालायचं. मे महिन्यात समुद्रावरून ओलं धुकं यायला लागलं तेव्हा नासारिओनं घरभर कापड शोधलं. शेवटी बँडचा गणवेश काढला, लाल दारूच्या रंगाचा, सोनेरी गोफ लावलेला, आणि त्याची डावी बाही खांद्यापासून कापली. कात्री चालवताना त्याला वाटलं होतं, आत कुठंतरी काहीतरी हलेल. काही हललं नाही. बाही कुत्र्याला बरोबर बसली, एवढंच.

दुपारी तो पालथा पडला की ओबिस्पो पाठीवर चढून तीन वेळा गोल फिरायचा आणि बरोबर झिजलेल्या मणक्यांवर बूड टेकायचा. ऊब हळूहळू खाली झिरपायची. दुखणं जायचं नाही. बसमध्ये कुणाला जागा करून द्यावी तसं जरा सरकून बसायचं.

पण खरी गंमत पहाटेची होती. साडेपाचला ओल्या नाकाचा एक ठोसा कानात बसायचा. कुत्र्याला बाहेर जायचं असायचं, आणि बिशपला थांबा म्हणणार कोण? नासारिओ शिव्या देत, खाट धरत, भिंत धरत उठायचा. मग बोरूच्या बेटापर्यंत चालणं. मग रताळं. मग तेल. वेळूकडं बघत पडायचे चार तास कुठं गेले ते त्याला कळलंच नाही. एका सकाळी तर त्याला आठवलं की आज पाठीनं किती छळलं हे बघायचंच राहून गेलं. छळलं होतंच. याचं लक्ष नव्हतं.

जूनमध्ये एका दुपारी तो चिचा प्यायला गेला. समोर त्याचा कोम्पाद्रे गुमेर्सिंदो बसला होता, बँडमधला मोठा ढोलवाला, नासारिओच्या मुलीचा धर्मबाप. दोघं भोपळ्याच्या वाडग्यातनं मक्याची आंबट चिचा पीत होते आणि ओबिस्पो बाही घालून खाली बसला होता.

"जत्रा आली, कोम्पाद्रे," गुमेर्सिंदो म्हणाला. "म्हातारी इचारल आता. काय सांगणार?"

"सांगीन की दुखणं गेलं न्हाई. खरं ते सांगायचं."

"मग कुत्रं जाणार. जमलं न्हाई म्हणंल."

"आसं? मग सांगीन, गेलं."

"मग बी कुत्रं जाणार. काम झालं म्हणंल."

नासारिओनं वाडगा खाली ठेवला. शंभरदा ऐकलेला कायदा त्याला त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकू आला. त्या कायद्याला दोन दारं होती आणि दोन्ही बाहेरच उघडत होती.

"ग्वा!" तो म्हणाला. "माजा बाप मला सोडून गेला तवा बी मी रडलो न्हाई. आन ह्या सोललेल्या बटाट्यापायी माज्या घशात काय आडकलंय बग."

"मका आसंल."

"मका न्हाई, कोम्पाद्रे."

"पुडचा नंबर असुंता एफिओचा हाय म्हणत्यात," गुमेर्सिंदो म्हणाला आणि दुसरीकडं बघायला लागला.

असुंता एफिओ गवती टोप्या विणायची. पन्नास वर्षं विणत होती. बोटं आता आल्याच्या गड्ड्यासारखी झाली होती, तरी सकाळच्या ओल्या हवेत गवत मऊ असतं म्हणून उजाडायच्या आधी उठून ती टोपी मांडीवर घ्यायची, आणि एके काळी आठवड्यात होणारी टोपी आता महिनाभर चालायची.

नासारिओनं विचार केला. गेलं म्हणायचं नाही, गेलं नाही म्हणायचं नाही. मधलं उत्तर द्यायचं: जातंय. जो जातोय तो अजून घरातच असतो, मग कुत्रंही घरातच राहतं. फक्त ते लोकांना दिसलं पाहिजे. म्हणून त्यानं दर रविवारी देवळात थोडं थोडं बरं व्हायचं ठरवलं. पहिल्या रविवारी काठी आणि कण्हणं. दुसऱ्या रविवारी काठी, पण कण्हणं अर्धं. तिसऱ्या रविवारी नुसतं लंगडणं. मग त्याच्या ध्यानात आलं की असंच चाललं तर जत्रेपर्यंत आपण पार बरे होऊन बसू. म्हणून चौथ्या रविवारी त्यानं दुखणं उलटवलं.

गुमेर्सिंदोनं त्याला सराव करताना पाहिलं. "आरं, तू तर तोंदेरो नाचाच्या तालावर लंगडतुयास! बाया नाचाया उटतील."

"मग कसा लंगडू? अडतीस वरसं तालात चाललोय. बेतालपणा जमना."

"तुला खरंच दुखतंय ना?"

"खरंच दुखतंय."

"मग नाटक कशाला करतुयास?"

"खरं दुखणं दिसाया बरं न्हाई, कोम्पाद्रे. ते निस्तं गप पडून राहतंय. त्याला कोण बगतंय? अख्ख्या पेरूत खऱ्या दुखण्याचं खोटं नाटक करणारा मीच एक आसंन. येवढं गाढव दुसऱ्या गावाला मिळायचं न्हाई."

सगळ्यात वाईट म्हणजे, दर रविवारी देवळाच्या पायरीवर असुंता उभी असायची. हात शालीत गुंडाळलेले. ती विचारायची, "काय नासारिओ, बरं हाय का जरा?" आणि तिच्या डोळ्यांत असा उजेड असायचा की त्याला मान खाली घालावी लागे.

"जातंय, असुंता, जातंय. पर वाट लई वाकडी हाय."

"जाऊ दे सावकाश. म्या कुटं पळती?"

शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

जत्रेचा दिवस उजाडला. दोन्या एर्मेलिंदानं मिरवणुकीच्या वाटेवर आपल्या दारात वेताची खुर्ची टाकली होती. शेजारी असुंता उभी. नासारिओचा बेत पक्का होता: काठी टेकत, मध्यम लंगडत जायचं, "जातंय" म्हणायचं आणि गर्दीत मिसळायचं. तो चार गल्ल्या अलीकडं कोपऱ्यावर उभा राहिला आणि तेवढ्यात पहिला फटाका उडाला. ओबिस्पो थरथरायला लागला. नासारिओनं काठी वाण्याच्या दाराला टेकवली आणि कुत्र्याला दोन्ही हातांनी छातीशी उचललं. अकरा किलो. टुब्याहून हलकं, पण वजन बसायचं त्याच जागी बसलं.

आणि बँड आला.

टुब्याला चिक्लायोहून भाड्यानं आणलेला माणूस होता. त्याचा 'पुम्' अर्धा ठोका उशिरा पडत होता, जेवण झाल्यावर येऊन दारात चपला काढणाऱ्या पाहुण्यासारखा. नासारिओला ते ऐकवेना. त्याच्या नकळत त्याचे पाय निघाले. त्या पायांनी अडतीस वर्षं मिरवणुकीत एकच काम केलं होतं, त्यांना लंगडणं कुणी शिकवलंच नव्हतं. तो टुबावाल्याच्या शेजारी गेला आणि तोंडानं ताल देऊ लागला, "पुम्... पुम्... आत्ता, आत्ता, पुम्!" भाड्याचा माणूस सुधारला. गुमेर्सिंदोनं ढोल बडवत डोळे मोठे केले, भुवया उडवल्या, मान हलवली; पण नासारिओला वाटलं, कोम्पाद्रे खूश झालाय. तो आणखी ताठ झाला. बाही घातलेला बिशप छातीशी धरून तो चार गल्ल्या सरळ, तालात, एक पाऊल न चुकवता चालला.

खांदेकऱ्यांनी देवाची पालखी विसाव्याला टेकवली. वाजप थांबलं. नासारिओनं मान वळवली, तर समोर वेताची खुर्ची.

"ग्वा!" दोन्या एर्मेलिंदा म्हणाली. "काठी कुटं हाय तुजी?"

"काठी..." नासारिओ म्हणाला. "काठीला आज जरा बरं न्हवतं."

लोक हसले. बँडवाले हसले. भाड्याचा टुबावालासुद्धा हसला, अर्धा ठोका उशिरा. म्हातारी हसली नाही.

"हसवू नगंस. चार म्हयनं तू मला हसवतुयास. दुखणं गेलं का न्हाई, येवढं सांग."

नासारिओनं 'जातंय' म्हणायला तोंड उघडलं. शब्द तयार होता, महिनाभर घोटलेला. पण असुंतानं शालीतून हात बाहेर काढले होते, कुत्रं घ्यायला. ते हात त्यानं इतक्या जवळून कधी पाहिले नव्हते. बोटं मिटतच नव्हती, आणि ती ते लपवत नव्हती.

"न्हाई गेलं," तो म्हणाला. "आता बी दुखतंय. ह्याला घिऊन चार गल्ल्या आलो, आता घरला कसा जाईन ते ठावं न्हाई. उद्या उटणार बी न्हाई मी. मार्चमदी जेवडं हुतं तेवडंच हाय. तोळाभर बी कमी न्हाई."

नासारिओ योन्तोप पाठीबद्दल बोलला आणि कुणी हसलं नाही, असं गावात पहिल्यांदाच झालं. कुणीकडं बघावं हे लोकांना कळेना. गुमेर्सिंदो ढोलाची काठी उलटसुलट करून बघायला लागला, जणू आजच विकत घेतली होती.

"मग कुत्र्यानं केलं काय?" म्हातारीनं विचारलं.

"काय बी न्हाई. साडेपाचला उटवतंय. भायेर चल म्हणतंय. तेल मागतंय. आदी मी पाचपासनं नवापत्तोर छपराकडं बगत पडायचो, दोन्या. दुखणं आन मी, दोगंच. आता तिगं झालो. येवडंच केलं त्यानं."

म्हातारी खुर्चीत पुढं सरकली.

"म्हंजे, गेलं न्हाई."

"न्हाई."

"मग कायद्यानं जमलं न्हाई."

"न्हाई जमलं, दोन्या," नासारिओ म्हणाला. आणि ओबिस्पोला त्यानं स्वतःच खाली ठेवलं. असुंताला दोरी धरता येईना, म्हणून तिच्या मनगटाला दोन वेढे देऊन त्यानंच गाठ मारली. कुत्रं निघालं. सावकाश, दोन्ही बाजूंची गर्दी बघत. मागं वळून पाहिलं नाही. बिशपच तो, बदली झाली की झाली.

नासारिओला घरी न्यायला गुमेर्सिंदो आणि भाड्याचा टुबावाला असे दोघं लागले. "सांभाळून," नासारिओ त्यांना म्हणाला. "चौदा किलोचा न्हाई मी, पर आवाज तेवडाच निघतोय."

दुसऱ्या दिवशी पाठीनं आदल्या दिवसाचा सगळा सूड काढला. पाच वाजले. साडेपाच वाजले. कानात नाक आलं नाही. वेळू जागच्या जागी होते. नऊ वाजले, दहा वाजले. अकराच्या सुमाराला धुकं फाटलं आणि खिडकीतनं ऊन आत आलं, आणि त्या उन्हात खिडकीच्या फळीवर बदामाच्या तेलाची बाटली चमकली.

"आसंल की तिच्याकडं तेल," नासारिओ छपराला म्हणाला.

ऊन चढत होतं.

बाटली खिशात घालून असुंताच्या घरापर्यंत सहा गल्ल्या जायला त्याला पाऊण तास लागला. वाटेत तीन बाक होते, तिन्हींवर बसला. असुंताच्या अंगणात ओबिस्पो तिच्या मांडीवर आडवा पसरला होता आणि तिचे दोन्ही हात त्याच्या पोटाखाली होते, पाव भाजायला ठेवावेत तसे. अर्धी टोपी बाजूला पडली होती. कुत्र्याच्या पाठीवरचं कातडं कोरडं होऊन पांढरं पडत होतं.

"तेल न्हाई लावलं?" नासारिओ म्हणाला.

"दोन्यानं दिलीया बाटली. झाकणच निघंना," असुंता म्हणाली. "दातानं बगितलं. आता दात बी दुखतोय."

"मी लावीन आसतं. पर खाली बसलो तर उटणार न्हाई."

"मग उटू नगंस. म्या कुटं जा म्हणलंय?"

तो भिंत धरून, शिव्या देत, हप्त्याहप्त्यानं खाली बसला. तळहातावर तेल घेतलं. मानेपासून सुरुवात केली, मग खांदे, मग पाठीचा कणा, एकेक मणका. कुत्र्याचे मणके ठणठणीत होते, त्याचा त्याला जरा रागच आला. ओबिस्पोनं डोळे मिटून सुस्कारा सोडला, पहिल्या दिवशी सोडला होता तसाच.

"पहाटं साडेपाचला दार खरडत हुतं," असुंता म्हणाली. "त्या येळंला माजी बोटं लाकडावानी आसत्यात. कडी निघंना. शेवटाला कोपरानं वर ढकलली. घरात घाण करंल एक दिस."

नासारिओ तेल चोळत राहिला. मग म्हणाला, "साडेपाचला मी जागाच आसतोय."

"मग ये. पर विनोद नगंत सकाळच्या पारी. टाका चुकतोय माजा."

"त्या येळंला मला सुचत बी न्हाईत."

तळहातावर उरलेलं तेल त्यानं सवयीनं आपल्याच टकलावर पुसलं. असुंतानं ते पाहिलं. कुत्र्याच्या अंगातल्या दारूच्या रंगाच्या बाहीकडं बघून म्हणाली, "ही धुवाया टाकायची तर दुसरी हाय का तुज्याकडं?"

"उजवी हाय. पर ती बी कापली तर कोट बिनबाह्यांचा राहतोय."

"राहू दे. तुला बगतंय कोण?"

"कुत्री बगत्यात," नासारिओ म्हणाला.

आणि ओबिस्पोनं खरंच डोकं उचलून त्याच्याकडं पाहिलं. भुंकला मात्र नाही.